बूट खोटं बोलत नाहीत

बूट दुरुस्त करणाऱ्याला माणसाच्या तोंडाकडे बघायची गरज नसते, असं तो सगळ्यांना ऐकवायचा. गिऱ्हाइकानं बूट काउंटरवर ठेवला की हा आधी तो उलटा करणार. टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली दिसली की म्हणणार, "कंबर धरते ना हो तुमची?" चवड्याखाली गुळगुळीत झालेलं असलं की, "दिवसभर उभ्यानं काम दिसतंय." एकदा एका मास्तरांना तोंडावर म्हणाला, "घरी सांगता रोज तासभर चालतो, आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून येता." मास्तर इतके वरमले की दुरुस्त झालेले बूट न्यायला महिनाभर फिरकले नाहीत. वीस वर्षांत आपला अंदाज एकदाही चुकला नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगे. चुकला असं कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं, एवढंच खरं. पण या दोन गोष्टींत फरक असतो हे त्याला कोण सांगणार?

त्याला एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे नाव पडलं भिंगरी. आता बाईसाहेब तेरा वर्षांच्या, आणि भिंगरीतलं नाव तेवढं उरलेलं. शाळेतून आली की दप्तर खुर्चीवर, सँडल दारात, आणि स्वारी टीव्हीला जोडलेल्या गेमच्या यंत्रासमोर. घरात त्या यंत्राला सगळे डबाच म्हणत. एकदा बसली की जेवायला तीन हाका, झोपायला पाच.

आता खरं सांगायचं तर ती तिथं एकटी नसायची. मामाची मुलगी टिल्ली ही तिची जिवाभावाची मैत्रीण. मामाची बदली झाली आणि टिल्ली लांब गेली, इतकी लांब की वर्षातून एकदा भेट झाली तर झाली. त्या दोघी रोज संध्याकाळी सातला डब्यातल्या एका बेटावर भेटत. तिथं त्यांनी घर बांधलं होतं, दोन दारांचं, एक हिचं नि एक तिचं. तिथं त्या झाडं लावत, मासे पकडत आणि शाळेतल्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसत. बापाला यातलं दिसायचं ते एवढंच की पोरगी तोंडाला माईक लावून एकटीच हसतेय.

शेवटी तोडगा काढला आईनं. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, त्यामुळे तिला सगळं मोजून द्यायची सवय. तिनं मनगटावर बांधायचा, पावलं मोजून आकडा फोनवर दाखवणारा एक पट्टा आणला आणि नियम केला: बाहेर जाऊन चालायचं, हजार पावलांमागे दहा मिनिटं डबा. चाललीस तेवढं खेळ, कुणी आडवं येणार नाही. बापानं त्यावर आपली पुस्ती जोडली. "आणि यात खोटेपणा सापडला तर डबा त्याच दिवशी विकला. मग रडायचं नाही." भिंगरी म्हणाली, "मी कशाला खोटं करीन?" मैदानावर जायचं ते मी शिवलेले बूट घालूनच, असंही त्यानं बजावलं. शाळेच्या सँडलचे पट्टे ढिले, पाय मुरगळायचा. आणि दुसरं कारण, जे तो बोलला नाही, ते म्हणजे बुटांचे तळ त्याला वाचता येत होते.

ते बूट म्हणजे त्याचा जीव. लेकीच्या वाढदिवसाला, आठ महिन्यांपूर्वी, गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून त्यानं स्वतः कापले, स्वतः शिवले. तपकिरी मऊ चामडं, दुहेरी शिवण. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

पहिले पंधरा दिवस आकडा तीन हजारांच्या पुढे जाईना. पोरगी लंगडतच घरी यायची. एकदा म्हणाली, "बाबा, बूट चावतायत रे."

तो फोनमध्ये तिचाच आकडा बघत होता. "हाताने शिवलेलं चामडं आहे ते. चाललीस तर सैल होईल. घरात बसून कसं होईल?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणून त्यानं तो विषय तिथंच मिटवला.

तिसऱ्या आठवड्यात एकदम नऊ हजार. मग दहा. एकदा तर साडेअकरा. भिंगरी घामाघूम होऊन यायची, गाल लाल, पाय ओले, आणि बरोब्बर सातला डब्यापुढे.

दुसऱ्या बापाला आनंद झाला असता. याच्या मनात पाल चुकचुकली. पंधरा दिवस कण्हतकुंथत तीन हजार चालणारी पोरगी एका रात्रीत साडेअकरा हजार चालते? कुठंतरी पाणी मुरतंय. रात्री सगळे झोपल्यावर त्यानं दारातले बूट उचलून उलटे केले. टाच जवळजवळ कोरी. चवडा जेमतेम घासलेला. तळाच्या कडेला त्यानं स्वतः मारलेली आरीची बारीक नक्षीसुद्धा जशीच्या तशी. आठवडाभर रोज दहा हजार पावलं खाल्लेला तळ असा असतो? छे!

झालं, संशयाचं भूत मानगुटीवर बसलं; पुढचा महिनाभर रोज रात्री तो बूट उलटा करून बघू लागला. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधत असेल का? की कुणा मैत्रिणीच्या हातात? शाळेत पट्टा चालत नसे, तो सकाळी घरीच पडलेला असायचा. एक दिवस त्यानं तो गुपचूप दुकानात नेला आणि आपल्या मनगटावर बांधून एका जाड टाचेत खिळे ठोकले. चाळीस खिळे झाले, पट्ट्यानं दोनशे दहा पावलं मोजली. मग बसल्या जागी हात हलवून पाहिला, पुढे मागे, पुढे मागे. तीनशे. शेजारचा मोबाईल दुरुस्त करणारा डोकावून म्हणाला, "काय शेठ, बसल्या बसल्या परेड?"

"चोरी पकडतोय," हा म्हणाला.

त्याच संध्याकाळी भिंगरी पट्टा घेऊन आईकडे आली. "आई, यात पाचशे पावलं जास्त दाखवतायत. मी घरातून निघायच्या आधीच होती. माझी पन्नासच मिनिटं धर... नाही, थांब, हिशोब करते."

आईनं कौतुकानं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली बघून पाणी प्यायला. त्याला शरम वाटायला हवी होती, आणि घटकाभर वाटलीही. पण संशयी माणसाच्या डोक्यात शरम टिकत नाही. झोपेपर्यंत त्यानं पोरीच्या खरेपणाचाही अर्थ लावला: साव असल्याचा आव आणतेय. लहान चोरी दाखवायची म्हणजे मोठी झाकते. पक्की आहे पोरगी!

"अहो, फोन ठेवा की जरा," बायको म्हणाली. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला, कुठंतरी बोट लावलं आणि पुढे धरला. "हे बघा. आज तुम्ही चार तास दहा मिनिटं फोन बघितलाय. पोरगी दीड तास. उद्यापासून तुम्हीच चालायला जा."

"मी खेळतो का? मी तिच्यावर लक्ष ठेवतो."

"तिच्यावर ठेवता की आकड्यावर? तीन दिवसांत पोरीशी तीन वाक्यं बोलला नाहीत तुम्ही."

ते त्याला झोंबलं, पण त्यानं कानाआड केलं. दुसऱ्या दिवशी दुकानात दोऱ्याला लावायच्या मेणात त्यानं लाल रंग कालवला आणि रात्री भिंगरीच्या बुटाच्या तळाशी, चवड्याच्या खाचेत, बोटानं भरला. दोन-तीन हजार पावलांत मेण उडतं, हा वीस वर्षांचा अनुभव. तीन दिवस रोज आकडा दहा हजारांच्या आसपास आला. तीन दिवस रोज रात्री त्यानं बूट उलटा केला. लाल मेण खाचेत तसंच हसत होतं.

चौथ्या दिवशी जेवताना त्यानं बूट थेट टेबलावर आणून ठेवला, ताटाशेजारी, तळ वर करून.

"अहो, हे काय? जेवतोय आपण!" आई ओरडली.

"विचार तुझ्या लेकीला. तीन दिवसांत तीस हजार पावलं, आणि हे मेण बघ. हातच्या काकणाला आरसा कशाला?" तो भिंगरीकडे वळला. "कुणाच्या हाताला बांधतेस पट्टा?"

भिंगरीनं बुटाकडे पाहिलं, मग बापाकडे. आधी तिला काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "तू माझ्या बुटांना रंग लावलास?"

"मी काय विचारतोय?"

"माझ्याच हाताला. मीच चालले."

"बूट खोटं बोलत नाहीत."

"म्हणजे मी बोलते?"

तिनं तोंड उघडलं, काही सांगणार असं वाटलं, मग त्या दुहेरी शिवणीवर तिची नजर गेली आणि तिनं ओठ मिटून घेतले. आई म्हणाली, "अहो, रक्ताचा अहवाल विचित्र आला तर आम्ही दुसरा नमुना मागवतो. एकावर कुणाला आजारी ठरवत नाही." पण त्यानं डब्याच्या वायरी काढायला घेतल्या होत्या. अपराधी मूग गिळून बसलाय, आता आणखी कसला नमुना?

"बाबा, टिल्लीला तरी सांगू दे," भिंगरी म्हणाली. "ती सातला वाट बघते."

"ते खोटं बोलायच्या आधी आठवायचं."

सकाळी डबा मोबाईलवाल्याच्या काउंटरवर गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो विकलाही गेला. "आताच कुणीतरी घेऊन गेलं, शेठ. चांगला ठेवला होता हो पोरीनं," मोबाईलवाला म्हणाला. याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आणि संध्याकाळी बायकोचा दवाखान्यातून फोन आला. "घरी फोन केला तर कुणी उचलत नाही. भिंगरी बाहेर गेली का?"

पट्टा तर याच्या खिशात होता. डबा गेला, मिनिटं गेली, मोजणी बंद. मग ही कशासाठी गेली बाहेर? अरे बापरे! म्हणजे पावलं हे नुसतं निमित्त होतं. खरी भानगड दुसरीच आहे! वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं गर्दीच्या वेळी दुकानाचं दार ओढून घेतलं. दोन गिऱ्हाइकं पायरीवर उभी होती. "उद्या या, उद्या," म्हणत तो निघाला.

मैदान दोन गल्ल्यांपलीकडे. इतक्या जवळ असून तो तिथं कधी गेला नव्हता. फाटकाजवळच्या मोठ्या झाडामागे उभं राहून त्यानं पाहिलं. भिंगरी एका बाकावर बसली होती. तिनं बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, जोड बाकाखाली सारला आणि पळत सुटली. अनवाणी. गवतावर पाच-सहा मुली पकडापकडी खेळत होत्या. ही त्यांच्यात घुसली, वळली, गिरकी घेतली, पडली, उठली. हसत होती. माईक नव्हता, तरी तेच हसणं.

"कोण हो तुम्ही?" मागून आवाज आला. हातात पाण्याची नळी घेतलेला म्हातारा माळी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होता. "पोरींकडे झाडामागून काय बघताय?"

"मी... बाप आहे. त्या मुलीचा. भिंगरीचा."

"बाप आहात, तर झाडामागं कशाला?"

तो झाडामागून पुढे आला. माळ्याचा संशय काही फिटला नाही. त्यानं भिंगरीकडे बघितलं, याच्याकडे बघितलं, मग याच्या काळ्या पडलेल्या नखांकडे. "तुम्हीच का ते बूट शिवणारे?"

"हो."

"मग बरोबर. महिन्यावर झालं, पोरगी अशीच पळतेय. मी म्हटलं, बाई, पायात घाल काहीतरी, काच लागेल. तर म्हणते, घातले की अंगठा मरतो. म्हटलं, घरी सांग. तर म्हणते, एकदा सांगितलं. आणि बाबानं स्वतः शिवलेत, परत सांगितलं तर त्याला वाईट वाटेल." म्हाताऱ्यानं नळी दुसऱ्या हातात घेतली. "रोज दुपारी मी तेवढ्यासाठी गवतातले खडे नि काचा वेचतो. जाताना ती या नळाला पाय धुते, म्हणजे घरी कळायला नको."

तो बाकाकडे गेला आणि वाकून बूट उचलला. सवयीनं उलटा करायला गेला आणि थांबला. मग त्यानं आत हात घातला. आयुष्यात हजारो बुटांत घातला असेल, या बुटात शिवल्यापासून एकदाही घातला नव्हता. पुढच्या टोकाला अंगठ्यानं चामड्यात खळगा पाडला होता, इतका खोल की आतलं अस्तर फाटलं होतं. टाचेपाशी बोटाला काहीतरी कडक लागलं. वाळलेलं रक्त. किती वेळा हा बूट हातात घेतला त्यानं, महिनाभर, रोज रात्री! चोर सापडावा म्हणून तळ पिंजून काढला आणि पाय कुठं आहे ते बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

भिंगरीनं त्याला पाहिलं आणि तिचं पळणं थांबलं. ती हळूहळू आली, दोन हात लांब उभी राहिली.

"पट्टा नाहीये आज," ती म्हणाली. "तरी आले. घरी बसून काय करू?"

"पाय दाखव."

"कशाला? रंग लावायला?"

तो गवतात गुडघ्यावर बसला. बराच वेळ तिनं पाय पुढे केला नाही. मग केला. अंगठ्याचं नख अर्धं काळं. त्यानं वितीनं माप घेतलं आणि त्याच वितीनं बूट मोजला. पाय अंगठ्याच्या रुंदीनं मोठा.

"सांगितलं का नाहीस परत?"

"तू म्हणालास, चाल म्हणजे सैल होतील. चालले. नाही झाले." तिनं पाय मागे ओढून घेतला. "मग काय सांगू?"

दुकानात आणून त्यानं दिवा लावला, जमिनीवर कोरा कागद अंथरला, भिंगरीला त्यावर उभी केली आणि पेन्सिल घेऊन टाचेपासून रेघ ओढायला लागला. लहानपणी या पेन्सिलीनं ती खिदळायची. आज ती दाराकडे बघत होती. रेघ करंगळीपाशी आली तेव्हा तिनं विचारलं, "आणि डबा? मोबाईलवाल्याकडे आहे ना अजून?"

तो खोटं बोलू शकला असता. "विकला गेला," तो म्हणाला. "दुपारीच."

तिनं पाय उचलला. बूट कोपऱ्यात तसेच ठेवून ती अनवाणीच दार उघडून घरी चालती झाली. कागदावर अर्धा पाय उरला.

तो घरी पोचला तेव्हा सातला पाच मिनिटं होती. भिंगरीच्या खोलीचं दार बंद. बायको नुकतीच आली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती एवढंच म्हणाली, "आता तिथं टिल्ली थांबली असेल."

त्यानं मेहुण्याच्या घरी फोन लावला आणि टिल्लीला बोलावलं. मुद्दाम बंद दाराशी उभा राहिला, मोठ्यानं बोलला.

"आतोबा? भिंगरी कुठंय? मी केव्हाची बेटावरच्या घराच्या दारात उभी आहे."

"ती येणार नाही, बाळा. डबा मी विकला."

"का? तिनं काय केलं?"

"काही नाही. ती खरं बोलत होती. मी तिला खोटी ठरवली. चूक माझी."

मग टिल्ली म्हणाली, "चूक तुमची, तर शिक्षा तिला का?"

वीस वर्षं लोकांच्या टाचा वाचणाऱ्या त्या माणसानं खिशातून पेन्सिल आणि अर्ध्या पायाचा तो घडी केलेला कागद काढला. मग तो म्हणाला, "डबा कुणी नेला ते शोधतो. मिळाला तर आणतो, नाही मिळाला तर दुसरा बघतो, वेळ लागेल. तोवर रोज सातला या फोनवर बोला तुम्ही. मला संध्याकाळी हा आता लागत नाही."

दार उघडलं. भिंगरीनं फोन घेतला आणि भिंतीला टेकून टिल्लीशी बोलायला लागली. बेटावरची झाडं सुकतील, तूच पाणी घाल, माझं दार उघडं ठेव, असं काहीबाही. तो घडी केलेला कागद पुढ्यात ठेवून तिथंच जमिनीवर बसला. बोलता बोलता तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग पायानंच कागदाची घडी उलगडली आणि पाय त्यावर ठेवला, त्याच्याकडे न बघता.

त्यानं करंगळीपासून राहिलेली रेघ ओढली. पाय मघाच्या जागेवर नव्हता, त्यामुळे दोन्ही रेघा काही जुळल्या नाहीत. त्यानं खोडलं नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडली आणि विचारलं, "चावतंय का कुठं, ते रोज सांगशील?"

"तू रोज विचारशील तर," भिंगरी म्हणाली, आणि पुन्हा टिल्लीशी बोलायला लागली.